तारामतीची भूमिका

१९१३ सालीं दादासाहेब फाळके यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट काढला, तेव्हां तारामतीच्या भूमिकेस एकही स्त्री मिळेना. शेवटीं साळुंके नांवाच्या पुरुषानें लुगडें नेसून ती वठविली. पुढें १९३२ सालीं कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीनें व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखालीं ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला. त्यांतील तारामती होत्या दुर्गाबाई खोटे.

दुर्गाबाईंचा जन्म १९०५ सालचा. वडील मुंबईचे सॉलिसिटर, शिक्षण कॉलेजपर्यंत, सासर श्रीमंत. परंतु सासरची संपत्ति ओसरली आणि दोन लहान मुलांच्या पोषणाचा प्रश्न उभा राहिला. तेव्हां १९३१ सालीं ‘फरेबी जाल’ या चित्रपटांत त्यांनीं एक लहानशी भूमिका पत्करली. चित्रपट हलका निघाला, आणि समाजानें दोष मात्र त्यांच्या माथीं मारला. तरीही त्या पुन्हां कॅमेऱ्यापुढें उभ्या राहिल्या. ‘अयोध्येचा राजा’च्या वेळीं पार्श्वगायन नव्हतें, हरिश्चंद्र झालेल्या गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या मुरलेल्या संगीतज्ञासमोर त्यांना अभिनय व गायन दोन्ही स्वतःच करावीं लागलीं.

मार्कंडेय पुराणांत या राणीचें नांव शैब्या असें आहे. विश्वामित्रांची दक्षिणा फेडण्याकरितां आपणांस विकावें, असें तीच राजास सुचविते. हें आख्यान कीर्तनांत ऐकून आमच्या वाडवडिलांनीं डोळे पुसले. परंतु एक कुलीन स्त्री लेंकरांसाठीं स्वकष्टाचा पैसा मिळवूं लागतांच त्याच पिढीनें नाकें मुरडलीं!

पुढें १९३६ सालच्या ‘अमरज्योति’ पासून १९६० सालच्या ‘मुगल-ए-आझम’ मधील जोधाबाईपर्यंत दुर्गाबाईंनीं अनेक भूमिका गाजविल्या. ज्या फाळक्यांना तारामतीसाठीं स्त्री मिळाली नव्हती, त्यांच्याच नांवाचा १९८३ सालचा पुरस्कार त्यांना लाभला. १९९१ सालीं त्या निवर्तल्या.

आमच्या नागपूरच्या घरीं सध्या नातीनें नाट्यशिक्षण घ्यावें कीं नाहीं, असा वाद चालू आहे. वहिनींचा विरोध आहे. त्यांची काळजी अनाठायीं आहे असें मी म्हणत नाहीं. दुर्गाबाईंनाही पहिल्याच पावलाला ठेंच लागली होती. परंतु त्यावर उपाय मुलीला अडविणें हा नव्हे. तिनें सही करण्यापूर्वीं पहिला करार घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं तिच्याशेजारीं बसून वाचावा, हें अधिक हिताचें. कुळाचें नांव त्यानें खचित बुडणार नाहीं.