पालथा हात

महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ असा एक रकाना असतो. पहिल्या वर्षी मी तिथे ‘स्वतंत्र व्यवसाय’ असे लिहिले होते. शब्द भारदस्त होता आणि अगदी खोटाही नव्हता. माणगावात महामार्गाच्या कडेला बाबांची पत्र्याची टपरी आहे आणि तिथे ते गाड्यांच्या वायरिंगचे काम करतात. यंदा मात्र मी सरळ ‘गाड्यांचे वायरमन’ असे लिहिले. मधल्या काळात काय घडले, ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

बाबा सातवीपर्यंत शिकलेले. “वायर गरम होते” अशी तक्रार घेऊन गाडी आली, की ते लगेच पक्कड उचलत नाहीत. आधी नाक, मग डोळे, मग हात, असा त्यांचा क्रम आहे. जळक्या प्लास्टिकचा वास येतो का? बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी पूड साचली आहे का? पत्र्याच्या भोकातून वायर रबराच्या कडीशिवाय गेली आहे का? नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड कुठे आहे? मग दिवे, पंखे सगळे पंधरा मिनिटे चालू ठेवायचे आणि वायरीच्या वेष्टणावरून, जोडांवरून हात फिरवायचा, तोही पालथा. “तळहात कामानं राठ होतो, तो खोटं बोलतो,” असे ते म्हणतात. जोड संशयास्पद वाटला, तर त्याच्या दोन बाजूंना मल्टिमीटरची टोके लावतात. चांगल्या जोडावर काटा जवळजवळ हलत नाही. अर्धा व्होल्ट जरी दिसला, तरी समजायचे, की वीज वाटेतच सांडते आहे. आणि सांडलेल्या विजेची उष्णता होते. इन्व्हर्टरच्या २३० व्होल्टच्या बाजूला मात्र ते मला फिरकूसुद्धा देत नाहीत.

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. हरतालिकेचा दिवस होता. बाबा गणपती आणायला कारखान्यात गेले होते आणि टपरीवर मी एकटीच पुस्तक घेऊन बसले होते. महामार्गावर नेहमीची कोंडी. तेवढ्यात पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून आलेली एक मोठी गाडी टपरीसमोर थांबली. आत बिछाने, छोटा फ्रीज, पंखे, दिवे, असे सगळे घरच होते. आपल्या सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून हा शब्द कानांवर येऊ लागला. बाबा त्यांना ‘घरगाडी’ म्हणतात. गावच्या घरात गणपतीला पाहुण्यांना जागा पुरत नाही, म्हणून या दादांनी आपली गाडी अशी बांधून घेतली होती. मागच्या बिछान्यावर एक आजी आणि त्यांच्या कुशीत चार-पाच वर्षांची नात झोपली होती.

“ताई, किटली लावली की थोड्या वेळाने फ्यूज उडतो. तेवढा बदलून देता का? उशीर झालाय.”

मी पाहिले. निळा फ्यूज होता, पंधरा अँपिअरचा. डब्यात निळा सापडेना. हिरवा, तीस अँपिअरचा होता. तो बसला. दिवे लागले, पंखे फिरले, किटलीही तापू लागली. दादांनी खुशीने पन्नास रुपये दिले. आपल्यालाही बाबांचे काम येते, या आनंदात मी पुन्हा पुस्तक उघडले.

अर्ध्या तासाने बाबा आले. मूर्ती घरी ठेवून, अंगावरचा पांढरा सदरा तसाच ठेवून. मी मोठ्या अभिमानाने नोट पुढे केली. त्यांनी नोट घेतली नाही. “फ्यूज का उडत होता, ते बघितलंस?” एवढेच विचारले. मी गप्प. नंबर घेतलास का, तर तोही घेतला नव्हता. त्यांनी टपरीचे दार ओढले आणि स्कूटर काढली. “बस मागं.”

ज्या कोंडीला उभे कोकण शिव्या देते, तिचे मी त्या दिवशी आभार मानले. पावसात, उभ्या गाड्यांच्या मधून वाट काढत आम्ही लोणेऱ्याच्या दिशेने निघालो. लोणेऱ्याच्या बऱ्याच अलीकडे ती गाडी सापडली. बाबांनी आजींना आणि मुलीला खाली उतरायला सांगितले आणि बिछान्याखालची फळी उचलली. वास आला. सगळे बंद करून ते मला म्हणाले, “बाय, हात लाव. पालथा.”

मी हात लावला आणि झटकन मागे घेतला. टेप विरघळून चिकट झाली होती, वायरीचे वेष्टण तपकिरी पडले होते. आणि त्याला लागून गादी होती.

मग बाबांनी हिशेब सांगितला. किटली एकशेवीस वॅटची. घरच्या विजेवर तिला अर्धा अँपिअर पुरला असता. बारा व्होल्टच्या बॅटरीवर दहा लागतात. फ्रीजचे पाच, दिवे-पंख्यांचे तीन. म्हणजे अठरा. वायर पंधराच्या बेताची, त्यात जोड नुसत्या पिळाचा. “फ्यूज बिघडला नव्हता. तो सांगत होता. तू त्याचं तोंड बंद केलंस.”

दहावीत ज्यूलचा नियम मी घोकला होता : प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. परीक्षेत त्याचे पूर्ण गुणही मिळवले होते. तोच नियम त्या गादीखाली मला ओळखता आला नाही, आणि सातवी शिकलेल्या माणसाला मात्र नुसते ‘हिरवा फ्यूज’ ऐकूनच तो दिसला होता!

बाबांनी जळका भाग कापला, जोड नव्याने दाबून पक्का केला, निळा फ्यूज बसवला आणि किटलीची वायर काढून टाकली. “हिला बॅटरीपासून जाड वायर वेगळी ओढा, बॅटरीजवळच तिचा स्वतःचा फ्यूज द्या. तोवर चहा हॉटेलात घ्या, दादा.” पैसे घेतले नाहीत. उलट ती पन्नासाची नोट माझ्या हातून परत करायला लावली. आजींनी आम्हां दोघांच्या हातावर एकेक खोबऱ्याची वडी ठेवली.

परतताना बाबा काही बोलले नाहीत. पांढरा सदरा काळा झाला होता आणि दुसऱ्या दिवशी पूजेला त्यांनी जुनाच घातला. कुणी विचारले, तर “पावसात भिजला,” असे सांगितले. माझे नाव घेतले नाही.

त्या वायरीचा बोटभर तुकडा मी माझ्या कंपासपेटीत ठेवला आहे. अर्ज भरायला पेन काढले, तेव्हा तो हाताला लागला. वास अजून गेलेला नाही.