पोटावरचा टाळ

सप्ताहात आपण कीर्तनाला बसता तेव्हा बुवांच्या तोंडाकडे पाहता. पुढच्या वेळी थोडे खाली पाहा. पाय, गुडघे, पोट, खांदे. गाणे तिथून वर येते. हे मला कळायला कीर्तनाला उभे राहिल्यापासून पंचवीस वर्षे जावी लागली, आणि तोवर एका पोराचे नुकसान माझ्या हातून होऊन गेले होते.

आमची शिकण्याची रीत सरळ होती. पहाटे उठायचे, काकड्याच्या चाली मोकळ्या आवाजात म्हणायच्या. पट्टी काळी चार, जमली तर काळी पाच. घसा फुटल्याशिवाय गळा तयार होत नाही, असे आम्ही ऐकले आणि पुढे आमच्या मुलांना तेच ऐकवले. माझ्याजवळ एक चौदा वर्षांचा मुलगा शिकत होता. सूर उपजत. त्याचे आवाज फुटण्याचे वय. या वयात कंठ आतून वाढत असतो, स्वरतंतू लांब आणि जाड होत असतात, तेव्हा त्याला जपायला हवे. मी मात्र आवाज बसलेला असतानाही त्याला वरच्या पट्टीत म्हणायला लावले. तो कधी नाही म्हणाला नाही, गुरूला कोण नाही म्हणतो? दोन वर्षांनी त्याच्या आवाजाला खर आली ती कायमची.

माझी पाळी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी आली. सलग सप्ताह चालू होते. एका काल्याच्या कीर्तनात चाल वर गेली आणि आवाज आलाच नाही, नुसती हवा आली. टाळकऱ्यांनी ध्रुपद उचलून धरले म्हणून वेळ निभावली. घशाच्या डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घालून पडद्यावर दाखवले. ज्या गळ्याच्या जोरावर आयुष्य काढले तो मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. दोन पांढऱ्या पट्ट्या, बोटाच्या पेराएवढ्याही नाहीत, आणि दोन्हींवर समोरासमोर एकेक गाठ. काळी चारचा वरचा षड्ज लावला की या पट्ट्या एका सेकंदात चारशेहून जास्त वेळा एकमेकींवर आदळतात. खालून श्वासाचा आधार नसेल तर सगळा भार त्यांच्यावरच येतो. तीन आठवडे मौन सांगितले. कुजबुजायचेसुद्धा नाही, कारण त्यानेही गळ्यावर ताण येतो.

त्या मौनात मी कीर्तने ऐकायला जाऊन लोकांची शरीरे पाहू लागलो. वरचा सूर आला की पुष्कळ बुवा हनुवटी वर करतात, मान माइकपुढे काढतात. जिभेच्या मुळाशी घोड्याच्या नालेसारखे एक हाड असते. ते दुसऱ्या कोणत्याही हाडाला सांध्याने जोडलेले नाही, आणि स्वरयंत्र त्यालाच टांगलेले आहे. मान ताणली, जीभ आवळली की सगळे वर ओढले जाते आणि आवाज चिमटतो. बरे, पूर्वी कर्णे नव्हते, मागच्या माणसाला ऐकू जावे म्हणून ओरडणे भाग होते. आता चार कर्णे लावून वर पुन्हा ओरडतात, ते कोणासाठी, हे मला अजून समजलेले नाही.

श्वास घेताना छातीखालचा पडदा खाली उतरतो, म्हणून पोट पुढे यायला हवे. आम्ही धोतराची गाठ करकचून बांधायचो आणि छाती फुगवायचो, म्हणजे सगळे उलटे. पावली खेळणारे जुने टाळकरी पाहा. पुढे वाकताना पोट दबते, श्वास बाहेर पडतो, तिथे ते शब्द टाकतात. उठताना श्वास आपोआप आत येतो. त्यांना कोणी शरीरशास्त्र शिकवले नव्हते. दिवे घाट चढतानाही तेच. पुढच्यांनी चरण म्हणायचा, मागच्यांनी झेलायचा, म्हणजे प्रत्येकाला अर्धा वेळ दम खायला मिळतो. एकट्याने म्हणत चढून बघा, पहिल्या वळणावर बसाल.

पंडित भीमसेन जोशी गाताना हात, खांदे, सगळे अंग तानेबरोबर जाई. काही लोक हसत. पण ताण हातावाटे निघून गेला तर गळ्यात साचत नाही, असे मला वाटते. कुमार गंधर्वांचे एक फुप्फुस क्षयाने निकामी झाले होते. त्यांनी छोटे छोटे स्वरसमूह बांधून आपले गाणे नव्याने उभे केले. छाती किती मोठी यावर सगळे असते तर ते घडले नसते.

माझा आवाज बऱ्यापैकी परतला. त्या मुलाचा नाही. तो पखवाजाकडे वळला आणि पुढे वीस वर्षे माझ्याच कीर्तनात साथीला उभा राहिला. त्या गोष्टीबद्दल तो कधी बोलला नाही. मी विषय काढला तेव्हा त्याने पखवाजाला कणीक लावायला घेतली.

गेल्या कार्तिकीनंतर तो आपल्या बारा वर्षांच्या मुलीला घेऊन घरी आला. हिला चाली सांगा, म्हणाला. मी तिला चाल सांगितली नाही. सतरंजीवर उताणी निजवले, पोटावर एक टाळ ठेवला आणि म्हटले, बाळ, नाकाने श्वास घे, टाळ वर आला पाहिजे. तिला हसू आले, टाळ घरंगळला. पुन्हा ठेवला. तिचा बाप दारात उभा होता. टाळ हळूहळू वर येईपर्यंत त्याने त्यावरची नजर काढली नाही.