किंतानाखालचं देणं

शिसवी पाय, वर गडद हिरवी मखमल, कडेने पितळी खिळ्यांची रांग. घरी येणारा पाहुणा या बुटक्या स्टुलाकडे बघून हमखास विचारतो, "हे कुठून पैदा केलंत?" मटण स्ट्रीटवरून, हे खरं. पण ते आज उभं आहे, आणि माझी चूल पेटते आहे, ती दो टाकीजवळच्या बोळात गादीकाम करणाऱ्या चाचांमुळे.

विलायतेतल्या गारठ्यात शेकोटीपुढे बसताना थंड जमिनीवरून पाय उचलून ठेवायला ही स्टुलं लागत. गाऊटने सुजलेल्या पायालाही त्यांचाच आधार. मुंबईच्या उकाड्यात त्यांचं काय काम? तरी साहेबाच्या बंगल्यातून ती पारशी दिवाणखान्यांत शिरलीच. आमच्या चाळीत होते पाट, आणि पाटाला पाय लागला की आजीचा धपाटा ठरलेला.

स्टूल घेतलं तेव्हा माझी नोकरी नुकतीच गेली होती. हातात वेळ होता, पैसे नव्हते. स्टुलात डनलॉप घालून वर नवं कापड लावून घ्यायचं, एवढंच मनात धरून मी चाचांकडे गेले. चाचांनी स्टूल पालथं घातलं आणि चुका उपसायला सुरुवात केली. तपकिरी रेक्झिन निघालं, त्याखाली फुलाफुलांचं कापड, त्याखाली मूळची मखमल. कोपऱ्याच्या घडीत तेवढा तिचा हिरवा रंग शाबूत. मग कापूस, किंतान आणि काळ्या केसांचा दडपलेला गठ्ठा.

"घोडे के बाल. फेकना मत, बेटी."

स्वस्त फोमचा काही वर्षांत भुगा होतो. हे केस धुऊन, पिंजून उन्हात टाकले की पुन्हा फुलतात. लॅटेक्सचा फोम आला १९२९ साली. केस आणि स्प्रिंगा पाहता स्टूल बहुधा त्याआधीचं. सगळ्यात खाली तागाच्या पट्ट्यांवर शिवलेल्या डमरूच्या आकाराच्या स्प्रिंगा होत्या. प्रत्येक स्प्रिंग सुतळीने आठ दिशांना बांधलेली, म्हणजे बसणाऱ्याचा भार एकाच बाजूला जात नाही. चाचांनी एकेक गाठ अंगठ्याने दाबून पाहिली. कुजलेली सुतळी काढली, धरून असलेल्या गाठींना हात लावला नाही. "किसी अच्छे आदमी का काम है," म्हणाले. तो अच्छा आदमी कोण, कुठला, कुणास ठाऊक! त्याची मजुरी कधीच मिळून संपली असेल. चाचा मात्र त्याच्या कामाची आब राखत होते.

मी बघत बसले. दुसऱ्या दिवशीही गेले, मग जातच राहिले. एकदा त्यांनी वाकडी सुई माझ्या हातात दिली आणि किंतानाची कड शिवायला बसवलं. त्यांच्या तोंडात मूठभर चुका असायच्या. जिभेने एकेक पुढे सरकवायची, हातोडीच्या चुंबकी टोकाने उचलायची आणि ठोकायची. त्यामुळे बरीचशी शिकवणी भुवयांनीच चाले. टाका सैल पडला की डावी भुवई वर. (चुका तोंडात धरणं मला काही जमलं नाही. मी वाटीत ठेवते.)

शिकवल्याचे पैसे विचारले तेव्हा चाचांनी नातीचा कॉलेजचा फॉर्म पुढे केला. तो मी भरून दिला. "हिसाब बराबर," म्हणाले. त्यांच्या बाजूने झाला असेल.

आता चाचा नाहीत. बोळातल्या त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं मिळतात. माझ्याकडे जुनी स्टुलं दुरुस्तीला येतात, त्यावरच घर चालतं. कापड निवडताना गिऱ्हाइकं तासभर घालवतात आणि स्प्रिंगा बांधायच्या मजुरीचा आकडा ऐकला की म्हणतात, "आतलं कोण बघतंय? त्याचं थोडं कमी करा ना!"

कापडात करते, पॉलिशमध्ये करते, अगदीच अडलं तर ने-आणीचे पैसेही सोडते. आतल्या मजुरीतला रुपया सोडत नाही.