मी उपटलेला टाकळा

२०१७ च्या जूनमध्ये जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर, एका घरापुढचा टाकळा मी मुळासकट उपटून काढला. तिथे परसबागेचे वाफे घालायचे होते, म्हणून जागा साफ करत होते. घरातली आजी ओट्यावर बसून बघत होती. वाफे आखून झाल्यावर ती उठली, मी फेकलेल्या ढिगातला कोवळा पाला तिने खुडून ओच्यात घेतला आणि ती आत गेली. दुपारी तिने मला जेवायला वाढलं. नाचणीची भाकरी आणि टाकळ्याची भाजी. मी आवडीने जेवले, हात धुतले आणि पुढच्या घरी तण काढायला गेले.

आज हे लिहितानाही मला त्या दुपारची लाज वाटते.

एका संस्थेत मी पोषण परसबागेचं काम करत होते. गाठीशी कृषी पदवी होती आणि कामाची खरी तळमळही होती. जव्हार-मोखाड्याचं नाव राज्याला कळलं ते १९९२ साली वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंमुळे. त्यानंतर इथे किती तरी योजना आल्या, पण ताटातली भाजी-भाकरी हा प्रश्न उरलाच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या आणि सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ६८.९ टक्के मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. दारात भाजी पिकली तर रोजच्या जेवणात हिरवा पाला येईल, बाजारात पैसे मोजावे लागणार नाहीत, हा आमचा विचार बरोबरच होता. तो अमलात आणताना मात्र मी एकामागून एक चुका केल्या.

पहिली चूक बियाण्याची. आम्ही घरोघर पाकिटं वाटली. त्यांत पालक, मेथी, टोमॅटो, वांगी, कोबी होते. या भागात पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पालक-मेथीला थंड, कोरडी हवा लागते, हे मी कॉलेजात शिकले होते. पण पाकिटं जूनमध्ये आली होती आणि ती जूनमध्येच वाटायची होती. जुलैच्या पहिल्या झडीत कोवळी रोपं आडवी झाली आणि आठवड्यात कुजली. जी थोडी टोमॅटोची झाडं तगली ती संकरित होती. त्यांचं बी धरून पुढच्या वर्षी तसंच पीक येणार नव्हतं. म्हणजे दरवर्षी या बायकांनी माझ्या पाकिटाची वाट बघायची, अशी सोय मी करून ठेवली होती.

दुसरी चूक जागेची. सपाट, रस्त्यावरून दिसणारी जागा आम्ही निवडली. वाफे रेखीव आले, फोटो चांगले आले. पण घरातलं सांडपाणी जातं मागच्या न्हाणीकडे आणि बाग होती पुढे. पावसाळ्यात हे कुणाला जाणवलं नाही. उघडीप झाल्यावर झाडांना पाणी घालायचं कुणी? विहिरीवरून डोक्यावर दोन हंडे आणणाऱ्या बाईनेच. तिचे कष्ट कमी व्हावेत, तिच्या अंगात रक्त वाढावं म्हणून आणलेल्या कार्यक्रमाने मी तिच्या डोक्यावर तिसरा हंडा ठेवला. मी स्वतः बाई असून हे मला सुचलं नाही.

तिसरी चूक वेळेची. इथे दिवाळीनंतर पाडे रिकामे होतात. भात-नाचणी घरात आली की कुटुंबं वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातात. लोक त्याला ‘जगायला जाणं’ म्हणतात. आमच्या वेळापत्रकात वांगी-टोमॅटो भरघोस येण्याचा काळ नेमका तोच होता. नोव्हेंबरच्या अखेरीस मी गेले तेव्हा कुलूप लावलेल्या दारांपुढे चार-दोन वांगी सुकत होती आणि कूड मोडून आत शिरलेल्या शेळ्या बाकीचं खात होत्या.

आणि चौथी चूक मोजण्याची. मी बागा मोजत होते. किती घरं, किती वाफे, किती पाकिटं. त्या वर्षीचा माझा अहवाल वाचला तर काम यशस्वी झालं असंच वाटेल. चुलीवर काय शिजलं, ते कुणाच्या ताटात किती पडलं, सर्वांत शेवटी जेवणाऱ्या सुनेच्या वाट्याला भाजी उरली का, याचा त्यात एक रकानाही नव्हता.

दुसऱ्या वर्षी आषाढात मी पुन्हा त्याच आजीच्या घरी गेले. वाफे रिकामे होते. तिची सून मला म्हणाली, “ताई, तुमचं बी मेलं. आता आमचं लावू का?”

स्वतःच्या परसात स्वतःचं बी लावायला ती माझी परवानगी मागत होती. त्या प्रश्नाने मी जमिनीवर आले. म्हटलं, “मला दाखवाल?”

तिने चुलीच्या वरच्या आढ्याला टांगलेला दुधीचा वाळका तुंबा काढला. धुराने काळा झालेला, तोंडाशी चिंधीचा बोळा. आत राखेत कालवलेलं वालाचं बी होतं. मग तिने कुडाच्या भिंतीवरची शेणाची एक चापटी दाखवली. तिच्यात काकडीचं बी थापून ठेवलं होतं. पावसाच्या तोंडावर ती चापटी फोडायची आणि बी टोकायचं. पाकीट नाही, लेबल नाही, पण कोणतं बी कुठल्या घरून आलं ते तिला तोंडपाठ.

मग ती मला घरामागे घेऊन गेली. न्हाणीच्या पाण्यावर अळू होतं. कुडावर वाल चढायला लागला होता, छपरावर दुधी. एका कोपऱ्यात करांद्याचा वेल होता. करांदा जमिनीखाली टिकतो, जगायला गेलेलं कुटुंब परत येईपर्यंत थांबतो. कडेला शेवगा. एकदा मूळ धरलं की त्याला उन्हाळ्यात कुणी हंड्याने पाणी घालत नाही. आणि मोकळ्या जागेत उगवलेला टाकळा.

मी विचारलं, “वर्षात सर्वांत ओढगस्तीचे दिवस कोणते?” आजी म्हणाली, “हेच की, बाय.” आषाढ-श्रावण. मागचं धान्य संपत आलेलं, नवं अजून शेतात. तेव्हा घराला आधार असतो तो आपोआप उगवलेल्या पाल्याचा. टाकळा, लोत, अळू. ज्या महिन्यात त्या घरात सर्वांत कमी असतं, त्या महिन्यातलं अन्न मी तण म्हणून उपटलं होतं. परसबाग तिथे आधीपासून होती. ती सरळ रेषेत नव्हती म्हणून मला दिसली नाही.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा अनेक संस्थांच्या भिंतींवर त्यांचा फोटो लागला. गावरान बियाणं जपणाऱ्या त्या बाईंचं काम मला आधीही ऐकून माहीत होतं. तरी मी पाकिटं वाटत राहिले. कौतुक करणं सोपं असतं, त्यातून आपली पद्धत बदलणं अवघड.

पुढे आम्ही काम बदललं. वाफे आखणं थांबवलं. बायकांनी आपापसांत बियाण्याची देवघेव सुरू केली. ज्यांच्याकडे शेवगा नव्हता त्यांनी शेजारणीकडून फांदी आणून न्हाणीजवळ लावली. पालक-मेथी फक्त त्या घरांत, जी हिवाळ्यात गावात राहतात आणि ज्यांच्या दाराशी पाणी आहे. भाजीवर लिंबू पिळलं तर तिच्यातलं लोह अंगी जास्त लागतं, एवढी एक गोष्ट मी माझ्याकडून सांगत राहिले. ती त्यांना उपयोगी वाटली. सगळ्या घरांचा प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही. परसबाग हाताला काम देत नाही आणि कोठारात धान्यही भरत नाही. ज्या घराला सहा महिने बाहेर जाऊन जगावं लागतं, त्या घराची भूक केवळ परसाने भागत नाही. हे कबूल न करता काम करणं ही माझी पाचवी चूक ठरली असती.

गावात परसबागेचं काम करणाऱ्या माझ्या बहिणी-भावांना एवढंच सांगते. बियाण्याचं पाकीट पिशवीतून काढण्याआधी आषाढात एकदा त्या घरी जेवा. ताटातली भाजी कुठून आली ते विचारा. पाणी कोण आणतं, बी कोण ठेवतं, शेवटी कोण जेवतं, ते विचारा. हे विचारायला मला दोन पावसाळे लागले. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारा.