नातलगांना घेऊन पेण-रोह्याकडे

आपल्या घरांत नातलग एकत्र येतात ते बहुतेक दोन वेळा, निकाहला आणि मय्यतीला. निकाहात दावतीची घाई असते, मय्यतीत दुःख. चुलत-मावस भावंडांची धड ओळख होण्याआधीच गाड्या निघतात. आपल्या कोकणी घरांत तर एक भाऊ मुंब्र्याला, दुसरा कुवेतला, बहीण गावी अशी पांगापांग. त्यात जमिनीच्या वाटणीवरून मने दुखावली असतील, तर ईदचा फोनही येईनासा होतो. सिलारहमीचे महत्त्व आपण मुलांना सांगतो, पण नाती जुळायला चार निवांत तासही लागतात.

म्हणून गेल्या जानेवारीत आम्ही 23 जणांनी हॉल न घेता पेण-रोह्याचा रस्ता धरला. सर्वांत लहान मूल 4 वर्षांचे, फुफी 72 वर्षांच्या. कोणाला काय झेपले, ते इतर कुटुंबांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहोत.

पेण तालुक्यात सांकशीचा किल्ला आहे. पायथ्याशी हजरत बदरुद्दीन यांचा दर्गा असल्याने त्याला बदरुद्दीनचा गड असेही म्हणतात. कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि पाण्याची टाकी पाहण्यासारखी आहेत, पण चढण सोपी नाही. तरुण मुले-मुली वाटाड्यासह वर गेली. वडीलधारी आणि लहान मुले खाली सावलीत थांबली. पावसाळ्यात हा कातळ निसरडा होतो, तेव्हा तो टाळावा.

संध्याकाळी रोह्याजवळ ओळखीच्या शेतात पोपटी लावली. थंडीत वाल तयार झाला की रायगडात घरोघरी पोपटीचे बेत होतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर ओवा-मीठ लावलेल्या वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे आणि मसाला लावलेली कोंबडी. वरून पुन्हा पाला दाबून मडके उलटे ठेवायचे आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब लागत नाही. आमचा एकच नियम होता, स्वयंपाक पुरुषांनी करायचा. एरवी सगळे जमले की घरातल्या बायका चुलीपाशीच अडकतात. त्या रात्री त्या बसून बोलत होत्या आणि फुफी खुर्चीवरून पाला कसा रचायचा ते सांगत होत्या. वाटणीनंतर एकमेकांशी मोजकेच बोलणारे आमचे दोन चाचा जाळापाशी वाद घालू लागले. एक म्हणे झाली, दुसरा म्हणे अजून पाच मिनिटे. कित्येक वर्षांत ते इतके बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर कोलाड गाठले. कुंडलिका उन्हाळ्या-हिवाळ्यातही वाहते, त्याचे कारण डोंगरापलीकडे आहे. मुळशी धरणाचे पाणी टाटांच्या भिरा वीजकेंद्रात उतरते, तिथे 1927 पासून वीज तयार होते आणि मग ते पाणी कुंडलिकेला मिळते. याच धरणासाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला होता, हेही मुलांना सांगितले. पाणी सकाळी सुटते, म्हणून राफ्टिंगही सकाळीच. सुमारे 12 किलोमीटरच्या त्या प्रवासात वाटाड्याने हाक दिली की सर्वांनी एकदम वल्हे मारायचे. दोन्ही चाचांची मुले एकाच राफ्टमध्ये होती. एकट्याने जोर लावला की राफ्ट गोल फिरे. आमच्या मुलींनी आणि सुनांनी वेगळी राफ्ट घेतली. सैल बुरखा पाण्यात अडकतो. त्यापेक्षा अंगभर सलवार-कमीज आणि हेल्मेटखाली पिनांशिवाय घट्ट बांधलेला स्कार्फ बरा. लाइफ जॅकेट सर्वांना हवेच. लहान मुले आणि हृदयविकार असलेल्यांनी काठावरच थांबावे.

दुपारी फणसाड अभयारण्यात गेलो. मुरूड आणि रोहा तालुक्यांतले हे जंगल पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे रान होते. 1986 मध्ये ते अभयारण्य झाले. इथल्या पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. अशा एका गाणीपाशी फुफी आणि लहान मुले गप्प बसून राहिली, आणि उंच फांदीवर शेकरू दिसला. याच रायगड जिल्ह्यात, किहीमला, डॉ. सालिम अली यांनी 1930 मध्ये सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला होता. तासन् तास घरट्यांकडे पाहत बसणे हेच त्यांचे काम होते, हे ऐकून मुलांनाही गप्प बसण्यात गंमत वाटू लागली.

जाणाऱ्यांसाठी थोडे. डिसेंबर-जानेवारी उत्तम. दिवा-रोहा मार्गाची रेल्वे पेण आणि रोहा दोन्हीकडे थांबते. हिवाळ्यात मगरिब लवकर होते, तेव्हा असर आटोपूनच जंगलातून निघावे. वुजूचे पाणी आणि चटया सोबत घ्याव्यात, कचरा परत आणावा. आणि रोज एक तरी ठिकाण असे निवडावे, जिथे घरातली सर्वांत वयस्कर व्यक्ती नुसती राखण करत बसणार नाही.

परतताना चाचांनी पुढच्या थंडीची कामे वाटून घेतली. वाल एकाचा, मडकी दुसऱ्याची. या वाटणीवर कोणाचीच तक्रार नव्हती. अल्लाह सर्वांच्या घरांत असाच मेळ राखो.