पाहुणे यायच्या आधी

२००८ च्या ऑक्टोबरात पुण्यात राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या होत्या. आठवतात का कुणाला? १२ ते १८ ऑक्टोबर, ७१ देश, बाराशेच्या वर खेळाडू, सगळे अठराच्या आतले. पुण्यातल्या लोकांना विचारलं तर "ते बालेवाडीचं ना?" एवढंच म्हणतात आणि पुढे ट्रॅफिकवर बोलायला लागतात. मला त्या सात दिवसांपेक्षा त्याआधीचे सहा महिने जास्त लक्षात आहेत. स्पर्धा आम्ही एकच दिवस पाहिली. तयारी मात्र रोज पाहिली, कंपनीच्या बसच्या खिडकीतून, जाताना आणि येताना.

आम्ही म्हणजे बाणेरच्या एका टू बीएचकेमध्ये कोंबलेली पाच वऱ्हाडी पोरं. सगळी इंजिनियर, सगळी हिंजवडीला कामाला. आमच्यात नावाने हाक मारायची पद्धत नव्हती, गावाने होती. एक अकोला, एक अमरावती, एक दर्यापूर, एक कारंजा. मी मूर्तिजापूर. भूगोल माहीत असलेल्यांच्या लक्षात येईलच की मूर्तिजापूर हे अकोला आणि अमरावतीच्या मधोमध पडतं, त्यामुळे त्या दोघांच्या भांडणात पंच म्हणून मीच असायचो. भांडणं रोजची. अकोल्याचा कापूस मोठा की अमरावतीचा गिला वडा, असल्या थोर विषयांवर.

तर तयारी. आयटीवाल्यांना समजेल अशा भाषेत सांगायचं तर ती एक भलीमोठी क्लायंट व्हिजिट होती. क्लायंट येणार म्हटलं की ऑफिसात काय होतं? रिसेप्शनला ताजी फुलं येतात, सहा महिने बंद असलेला दिवा लागतो, "त्या दिवशी फॉर्मलमध्येच या" असा मेल येतो, आणि ज्या कोपऱ्यात जुने मॉनिटर रचून ठेवलेत तिकडचं दार लावून घेतात. शहराचंही तेच. फुटपाथ उखडले आणि पुन्हा बसवले. दुभाजकांवर रोपं आली. भिंती रंगल्या. जिकडे तिकडे 'जिगर' नावाचा वाघ दिसू लागला, तो स्पर्धेचा मॅस्कॉट. दिल्लीच्या २०१० च्या स्पर्धेसाठी जो 'शेरा' होता त्याचा हा धाकटा भाऊ. नातंही बरोबरच होतं म्हणा, पुण्याची स्पर्धा ही दिल्लीची रंगीत तालीम आहे असं तेव्हा सगळेच म्हणायचे.

बालेवाडीचं क्रीडासंकुल काही नवं नव्हतं. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते बांधलं होतं. आता त्याचं रूप पालटत होतं आणि हायवेवरून आमची बस रोज त्याच्या शेजारून जायची. रात्री उशिरा परतताना तिथे फ्लडलाइटखाली काम चाललेलं दिसायचं. आमच्याही बिल्डचं तसंच चाललेलं असायचं, त्यामुळे त्या मजुरांबद्दल एक प्रकारची आपुलकी वाटायची :)

अकोल्याला मात्र यातलं काहीच बघवत नसे.

"काय बे, एवढे झाडं एका रातीत उगवले का? आपल्याकडे मंत्री आला त झाडं गमल्यासकट येतात अन् गमल्यासकट वापस जातात."

त्याचा राग नुसता थट्टेचा नव्हता. त्याच्या घरी, अकोल्याच्या जुन्या शहरात, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं. आई फोनवर आधी पाण्याचं सांगायची, मग लाइटीचं, मग उरलेलं. वऱ्हाडातल्या पोराला 'अनुशेष' हा शब्द शाळेत शिकवावा लागत नाही, घरातच ऐकून पाठ होतो. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात अकोला होतं, अमरावतीही होतं. पण ते आत्महत्यांमुळे. आपलं गाव देशाच्या बातम्यांत यायचं ते अशा कारणाने, आणि इथे पुण्याला लोक पाहायला येणार म्हणून नवं डांबर.

एका रविवारी कारंजाने नेटवर शोधून काढलं की पुण्याच्या आधीची, म्हणजे २००४ ची युवा स्पर्धा ऑस्ट्रेलियात बेंडिगो नावाच्या गावी झाली होती. सोन्याच्या खाणींमुळे वसलेलं गाव, वस्ती अकोल्याच्या निम्म्याहूनही कमी. ही माहिती त्याने द्यायला नको होती. अकोला दोन दिवस तेच धरून बसला. "म्हणजे गाव लहान असलं तरी होते ना बे? मंग आपल्या अकोल्यात काहून नाही होत?" आम्ही हसलो. वसंत देसाई मैदानावर उद्घाटन, टॉवर चौकातून ज्योत, अशी सगळी योजना जेवता जेवता तयार झाली. खेळाडूंच्या अंघोळीपाशी येऊन ती अडली. हसता हसता सगळे एकदम गप्प झाले, ते अजून आठवतं.

दर्यापूरचं दुःख वेगळं होतं. कंपनीच्या बस थांब्याजवळ एक पोह्याची गाडी होती. गाडीवाला त्याच्याच तालुक्यातला, शेती सोडून आलेला. पोह्यांवर तर्री टाकून देणारा त्या भागातला बहुधा एकमेव माणूस. सप्टेंबरात ती गाडी दिसेनाशी झाली. त्या जागी सुबक पेव्हर ब्लॉक आले आणि एक कुंडी आली. चौकशी केल्यावर कळलं की "पाहुणे जाईस्तोवर मागच्या गल्लीत उभा राह्य" असं सांगण्यात आलं होतं. मागच्या गल्लीत गिऱ्हाईक नाही. आम्ही पाचही जण आठवडाभर नेमाने मागच्या गल्लीत जाऊन खाल्लं. पाच प्लेटांनी कुणाचं घर चालत नाही. दिवाळीनंतर तो दिसला नाही, पुढचं माहीत नाही.

अमरावती यात कमी बोलायचा. तो हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर वाढलेला, लहानपणी तिथे मल्लखांब केलेला. ज्यांना हे मंडळ माहीत नाही त्यांच्यासाठी: १९१४ साली वैद्य बंधूंनी अमरावतीत सुरू केलेला हा आखाडा. पुढे त्याचं शारीरिक शिक्षणाचं मोठं केंद्र झालं, देशभरातून मुलं तिथे शिकायला येतात. आणि या मंडळाचा चमू १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीला गेला होता, भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं करायला. त्यात आपली हुतूतू, म्हणजे कबड्डीही होती. अमरावतीत कुठलाही माणूस तुम्हाला हे पाच मिनिटांत सांगतो. आमचा अमरावती तर दोन मिनिटांत सांगायचा.

पण त्या सप्टेंबरात त्याने एक वेगळीच गोष्ट काढली. म्हणाला, आपल्या पोरांनी तथी काय पाहिलं असन? झेंडे लावलेलं, झाडून पुसून ठेवलेलं बर्लिन. खरंच आहे. ऑलिंपिकसाठी तिथल्या ज्यूविरोधी पाट्या रस्त्यांवरून काढून ठेवल्या होत्या. स्पर्धा १ ऑगस्टला सुरू व्हायच्या होत्या, त्याच्या दोनच आठवडे आधी शहरातली शेकडो रोमा कुटुंबातली माणसं उचलून मार्झान इथल्या छावणीत टाकली होती. वऱ्हाडातून बोटीने गेलेल्या पोराला यातलं काय दिसणार? त्याला स्टेडियम दिसलं असणार, वक्तशीर गाड्या दिसल्या असणार. घरी येऊन त्याने तेच सांगितलं असणार. कुणी म्हणेल एका पोह्याच्या गाडीवरून थेट बर्लिनला कशाला जायचं? बरोबर आहे, बर्लिनच्या त्या पापाशी पुण्याची तुलना होऊच शकत नाही. मुद्दा फक्त बघण्याच्या जागेचा आहे. पाहुण्याला शहर दिसतं ते तयार झालेलं. तयार होताना बघतो तो तिथे भाड्याने राहणारा.

असो. स्पर्धा आल्या. आम्ही एक दिवस बालेवाडीला गेलो, ॲथलेटिक्स बघायला. ऑफिसात तेव्हा वातावरण तंग होतं. लेहमन ब्रदर्स बुडून महिना झाला नव्हता, बेंचवरची माणसं डब्यातसुद्धा हळू आवाजात बोलायची. त्यामुळे सुट्टी मागायला दर्यापूर घाबरला आणि आम्ही चौघेच गेलो. निळं आकाश, लाल ट्रॅक. ट्रॅक खरंच सुंदर होता, खोटं कशाला बोला. आयुष्यभर मुरमाच्या मैदानावर पळालेल्या माणसाला सिंथेटिक ट्रॅक बघून पोटात काय होतं ते ज्याचं त्यालाच कळतं.

एका शर्यतीत पॅसिफिकमधल्या कुठल्याशा बेटाचा एक पोरगा शेवटून पहिला होता. फार मागे. इतर सगळे पोचून कमरेवर हात ठेवून उभे होते आणि हा अजून वळणावर. अकोला पुटपुटला, "ह्या देशापेक्षा त आपला मूर्तिजापूर तालुका मोठा असन बे." आणि मग सहा महिने या स्पर्धेला शिव्या घालणारा तो माणूस उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडायला लागला, "अबे पय! पय! पोचलाच तू!" शेजारच्या शाळेच्या पोरांनी ते उचललं. सगळा स्टँड वऱ्हाडीत "पय, पय" ओरडत होता. त्या पोराला काय कळलं असेल देव जाणे, पण रेषा ओलांडल्यावर त्याने आमच्याकडे बघून हात हलवला.

भारत त्या स्पर्धेत पदकतक्त्यात पहिला आला, ३३ सुवर्णपदकं. बालेवाडी नंतर ओस पडली नाही, हेही सांगायला हवं. २०१३ मध्ये आशियाई ॲथलेटिक्स तिथे झाली, पुढे प्रो कबड्डीचे सामनेही रंगले. आम्ही पाच जण पांगलो. अकोला परत अकोल्याला गेला.

आणि पाहुणे शेवटी आमच्याकडेही आले. अमरावती-अकोला हायवे वर्षानुवर्षं असा होता की मूर्तिजापूरचा माणूस गरोदर बाईला घेऊन त्या रस्त्याने जायला घाबरायचा. २०२२ च्या जूनमध्ये त्याच रस्त्यावर लोणी ते माना असा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि गिनेस बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा, २०१९ चा, २५ किलोमीटरच्या थोडा वर. कतार तेव्हा २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या तयारीला लागलेलं होतं.

माना आमच्या तालुक्यातलं. काम चालू असताना मी नेमका गावी होतो, रात्री मोटारसायकल काढून बघायला गेलो. फ्लडलाइट, रोलर, डांबराचा वास, आणि बाजूला उभी असलेली शेकडो माणसं. लोक पोराबाळांना घेऊन आले होते. मी फोटो काढून अकोल्याला पाठवला. त्याचा लगेच फोन आला.

"खेळ कोणता हाय बे?"

"खेळ नाही. रस्ताच."

थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मापायले कोणी येते म्हटलं की होते ना पाच दिवसांत?"