मानोची खाज

मुसलमानाच्या घरात मांजराला खाज सुटली की पहिला प्रश्न औषधाचा नसतो, नमाजचा असतो. केस गळतात, गळलेले केस जानमाजवर येतात, आणि वडीलधारी माणसे विचारू लागतात की यावर नमाज होते की नाही. आमच्याकडे 2022 च्या ऑक्टोबरात हेच झाले.

आमच्याकडे म्हणजे चिपळूणजवळ, वाशिष्ठीच्या काठच्या एका गावात. मी मूळची सोलापूरची, इथल्या उर्दू शाळेत शिकवते. सोबत अम्मी आणि आठ वर्षांची मुलगी. घर भाड्याचे, घरमालकीण अंगणापलीकडे राहतात, त्यांना सगळे गाव मामी म्हणते. मांजर आले ते 2021 च्या जुलैतल्या महापुरानंतर. चिखलाने भरलेल्या पडवीत एक पिल्लू ओरडत होते, मुलीने ते परकराच्या ओच्यात घालून आणले. उर्दूत मांजराला लाडाने मानो म्हणतात, तेच नाव पडले.

अम्मी हनफी, मामी शाफई. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई आहेत. घाटावरून बदलून आलेल्यांना हे पहिल्याच दिवशी कळते, कारण असरची अजान लवकर होते. आता मांजराच्या बाबतीत गंमत अशी की, त्याने तोंड लावलेले पाणी शाफई मसलकात पाक, हनफी मसलकात मकरूह. केसांचे मात्र उलटे. हनफी गळलेल्या केसाला नापाक मानत नाहीत, शाफई काटेकोर आहेत. चार-दोन केस तेवढे माफ. त्यामुळे अम्मींना मानोच्या तोंडाची अडचण, आणि आमच्या ओटीवर कधीमधी नमाज पढणाऱ्या मामींना मानोच्या केसांची. दोघींच्या मध्ये मी, हातात झाडू घेऊन.

मशिदींतल्या बयानांत हुजूरांच्या (स.) मुअज्जा नावाच्या मांजरीची गोष्ट नेहमी सांगतात. गोष्ट गोड आहे, पण हदीसच्या विश्वसनीय संग्रहांत ती सापडत नाही. सापडते ती हजरत अबू कतादांची. वजूच्या पाण्याला मांजर तोंड लावायला आली तेव्हा त्यांनी भांडे तिच्यासाठी वाकडे धरले, आणि सून चकित होऊन पाहू लागली तेव्हा तिला सांगितले की हुजूरांनी (स.) मांजराला नापाक म्हटलेले नाही, ते तुमच्या अवतीभवती वावरणाऱ्यांपैकी आहे. अबू दाऊद आणि तिरमिजी, दोन्हींत ही रिवायत आहे. मी ती अम्मींना वाचून दाखवली. अम्मी म्हणाल्या, "वो बिल्ली अच्छी थी. इसकू तो खरूज हुई है."

दिसायलाही ते खरजेसारखेच होते. शेपटीच्या मुळाशी आणि मांड्यांच्या मागे केस विरळ झाले होते. पाठीवरून हात फिरवला की राजगिऱ्याच्या दाण्यांएवढ्या खपल्या बोटांना लागत. मान आणि कानांच्या पुढची जागा तिने नखांनी ओरबाडून लाल केली होती. रात्री अंधारात तिचे चाटणे ऐकू यायचे, थांबायचे, पुन्हा सुरू व्हायचे. मुलगी तिच्याशेजारी झोपायची. त्याच महिन्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीला गजकर्ण झाले होते, म्हणून मामींनी विचारले, "मॅडम, ह्या मांजराचे पोरांना लागले तर?" हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. गजकर्णाची बुरशी मांजरापासून माणसाला खरोखरच लागते.

अम्मींनी निकाल दिला, "रमजान तक देखती मैं. उसके बाद मच्छी मार्केट में छोड के आना. उदर खाना तो मिलता." 2023 चा रमजान मार्चच्या शेवटी होता. म्हणजे पाच महिने.

औषधे सुचवणाऱ्यांची कमतरता नव्हती. "अगे, डेटॉल के पानी से न्हिला, सब जरासीम मर जाते." कुणी कडुलिंबाचे तेल सांगितले, कुणी कापूर घातलेले खोबरेल, कुणी रॉकेलचा बोळा. हे सगळे माणसाच्या किंवा गुराच्या कातडीवरचे उपाय. मांजराच्या अंगाला लावलेली प्रत्येक गोष्ट तासाभरात त्याच्या पोटात जाते, कारण ते स्वतःला चाटून स्वच्छ करते. त्यातून मांजराचे यकृत वेगळे आहे. डेटॉलमधल्या फिनॉलच्या जातीच्या द्रव्यांचा किंवा साध्या पॅरासिटामॉलचा निचरा आपल्या शरीरात सहज होतो, तसा त्याच्या शरीरात होत नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. शेतीच्या औषधांच्या दुकानदाराने पिसवांची पावडर म्हणून एक डबा पुढे केला. त्यावर कुत्र्याचे चित्र होते आणि बारीक अक्षरांत परमेथ्रिन लिहिले होते. कुत्र्याला चालणारे परमेथ्रिन मांजराला विष आहे. झटके येऊन ते मरते. मी डबा परत दिला. दुकानदार म्हणाला, "घ्या हो मॅडम, सगळे नेतात."

गावाजवळ आहे तो गुरांचा दवाखाना. तिथल्या डॉक्टरांनीच सांगितले की कातडीचे काम आहे, चिपळूणला दाखवा. मानोला वेताच्या करंडीत घालून एस.टी.ने नेली. चिपळूणचे पशुवैद्य तरुण होते, बोलण्यात सावकाश. त्यांनी कातडी खरवडून काचपट्टीवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली: खरजेचे किडे नाहीत. केस उपटून बुरशीच्या तपासणीसाठी ठेवले. तीही पुढे निघाली नाही. मग त्यांनी मलाच विचारले, घरी उवांची फणी आहे का?

मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईच्या घरी उवांची फणी नसेल तर कुणाकडे असेल! घरी येऊन पांढऱ्या कागदावर मानोला उभे केले, पाठीवरून फणी ओढली आणि कागदावर पडलेल्या काळ्या कणांवर पाण्याचे थेंब सोडले. साधी धूळ असती तर काळीच राहिली असती. इथे प्रत्येक कणाभोवती तांबूस-तपकिरी रंग पसरला. ते पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त. पिसू एकही दिसली नाही, कारण चाटता चाटता मांजर पिसवा गिळून टाकते. मुलगी म्हणाली, "अम्मी, ये तो साइन्स का तजुर्बा हुआ." वर्गात आजवर केलेल्या कोणत्याही प्रयोगाला इतके प्रेक्षक मिळाले नव्हते, मामीसुद्धा चष्मा लावून आल्या.

पिसू चावते तेव्हा तिची लाळ कातडीत जाते. ज्या मांजराला त्या लाळेची अ‍ॅलर्जी असते त्याला दोन-चार चावेही आठवडाभर खाजवायला पुरतात. अ‍ॅलर्जी संसर्गजन्य नाही, एवढे वाक्य मी मामींसाठी डॉक्टरांकडून मराठीत लिहून आणले होते. पण उपाय मानोपुरता करून भागत नाही. पिसवांची अंडी मांजराच्या अंगावरून घसरून चटईत, गोधडीत, फटींत पडतात. अळ्या तिथेच वाढतात आणि कोशातली पिसू अनुकूल वेळेची वाट पाहत महिनोन्‌महिने बसून राहते. म्हणून मानेच्या मागे, जीभ पोचणार नाही अशा जागी, फिप्रोनिलचे मांजरासाठीचे थेंब दर महिन्याला. गोधड्या उकळत्या पाण्यात. फटींतून रोज झाडू. शिवाय मामींच्या अंगणातल्या दोन मांजरांनाही तेच थेंब. त्याला मामी सहजी तयार झाल्या नाहीत. थेंबांचे पैसे मी दिले आणि मांजरे धरायचे काम त्यांनी केले, तेव्हा तह झाला.

डिसेंबर संपता संपता पाठीवर नवे केस आले. मान आणि चेहरा मात्र तसाच. उलट जखम ओली झाली, म्हणून मरहूम अब्बांच्या छातीचा जुना एक्स-रे कापून तिच्या गळ्यात शंकूसारखा कॉलर बसवला. अम्मी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "कोना घिस दे, गले कू चुभता." मी कड कानशीने घासून वर कापडाची पट्टी लावली.

डॉक्टरांनी खाजेसाठी प्रेडनिसोलोनच्या गोळ्या थोडे दिवस दिल्या, आणि हेही सांगितले की या गोळ्यांनी खाज दबते, कारण जात नाही. वर्षानुवर्षे देत राहिले तर मधुमेहाचा धोका. मग त्यांनी मानोने आजवर काय काय खाल्ले त्याची यादी मागितली. कालवणाचा भात, तारली, मांदेली, बांगड्याची डोकी, सुकट, कोंबडीची कातडी, दूध, कधी मामींकडचे म्हशीचे गोश्त. कोकणातल्या मांजराची यादी अशीच असणार. डॉक्टर म्हणाले, मांजरांना खाण्यातून अ‍ॅलर्जी होते ती बहुतेक करून बीफ, मासे नाहीतर कोंबडी यांची. अ‍ॅलर्जी नव्या पदार्थाची नसते, रोज खाल्लेल्याचीच असते. रक्त तपासून ती नीट कळत नाही. कळते ती एकाच मार्गाने: जे तिने कधीच खाल्लेले नाही तेवढेच आठ आठवडे द्यायचे, दुसरा घास नाही.

बकऱ्याचे मटण मानोच्या वाट्याला कधी आलेच नव्हते. बकरी ईदला आम्ही सोलापूरला असतो, मामींचा मोठ्या जनावरात हिस्सा असतो, आणि एरवी, तेव्हा सातशे रुपये किलो असलेले मटण आमच्याच वाट्याला कमी. तरी ठरवले. बिनमसाल्याचे उकडून, रोज मूठभर. नुसत्या मांसात कॅल्शियम पुरेसे नसते म्हणून हा आहार आठच आठवडे, पुढे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते.

मटणाचा खर्च परवडला, पण मासळीच्या गावात मांजराला मासळीपासून दूर ठेवणे फार अवघड. प्रत्येक दारात कुणीतरी मासे साफ करत असते आणि डोके फेकायला समोर मांजर लागतेच. मानोला घरात कोंडले, तरी ती खिडकीतून निसटायची. शेवटी मुलीने आणि तिच्या मैत्रिणींनी एक्स-रेच्या कॉलरवर कागद चिकटवला. उर्दूत लिहिले, "मुझे मछली मत दो," आणि खाली मराठीत, "मासे देऊ नका, आजारी आहे." वशीला काटकोनी केले होते आणि "आजारी"तला पहिला वेलांटीचा गोंधळ होता, मी दुरुस्त केला नाही. गाव हसले, पण मासे देणे थांबले.

सहाव्या आठवड्यात मानेवरची जखम भरली. मार्चच्या सुरुवातीला कॉलर काढला. पण डॉक्टरांच्या मते अजून काहीच सिद्ध झाले नव्हते. आता पुन्हा मासा द्या, म्हणाले. खाज परत आली तरच मासा दोषी. अम्मी उखडल्या. "अच्छी हुई ना? अब कइकू?" रमजान तीन आठवड्यांवर होता आणि मुदत त्यांचीच होती. मी म्हटले, मार्केटमध्ये सोडली तर तिथे ती काय खाणार, हे आधी कळायला नको का? अम्मी गप्प झाल्या. त्यांनीच मांदेली उकडली.

पाचव्या दिवशी मानोने कान खाजवला. सातव्या दिवशी कानापुढची जागा लाल. मासे बंद केले, आणि पहिल्या रोज्याला ती लाली उतरली होती. मग दर पंधरा दिवसांनी एकेक करून कोंबडी, दूध, म्हशीचे गोश्त देऊन पाहिले. त्या कशानेही काही झाले नाही.

त्या बाईची हदीस सगळ्यांना ठाऊक आहे, जिने मांजर बांधून ठेवली, ना खायला दिले, ना मोकळी सोडली की तिने आपले आपण शोधून खावे. मच्छी मार्केटचा विषय अम्मींनी पुन्हा काढला नाही.

आता मानो कोंबडी-भात आणि पाकिटातले खाणे खाते. पाकिटे घेताना मागची बारीक अक्षरे वाचावी लागतात. पुढे कोंबडीचे चित्र असले तरी आत माशाचे पीठ निघते. पावसाळा संपला की पिसवा पुन्हा होतात, म्हणून थेंबांची तारीख कॅलेंडरवर चंद्राच्या तारखांशेजारी लिहिलेली असते. अम्मींची जानमाज आता पेटीत राहते, मामी येतात तेव्हा स्वतःची घेऊन येतात. आणि घरात बांगडा आला की अम्मी आधी मानोला बाहेर काढतात, कडी लावतात, आणि आतून ओरडतात, "देख गे, मामी के आंगन में तो नहीं गई?"